मिस्त्रीच्या कबरेशी बोललेलं

आई,

रागावू नकोस, पण अठरा वर्षं मी दर ईस्टरला दुसऱ्याच माणसाची कबर साफ करत होते. आपली रीत तुला काय सांगायची! शनिवारी गवत काढायचं, चुन्याचा हात द्यायचा, आणि रविवारी उजाडायच्या आत फुलं-मेणबत्त्या घेऊन सगळ्यांबरोबर कबरस्तानात उपासनेला उभं राहायचं. मी एकही वर्ष चुकवलं नाही. आता श्रीवर्धनला राहते, तर तिथून एसटीने दिघी, मग फेरीबोटीने आगरदांडा, हातात चुन्याची बादली. या वर्षी अर्धं काम झालं होतं, तोच कबरी खणणारे काका बिडी विझवत जवळ आले. "ताई, राग मानू नका, पन तुम्ही या मिस्त्रीच्या कोन लागता?" म्हटलं, कोण मिस्त्री? ही माझी आई आहे. "न्हाय ओ! बोर्लीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई ना? त्या तिकडं, कुंपनाच्या दगडी गडग्याजवळ. मीच तर खनली." बाकीच्यांना वाटत असणार, बाई पुण्याचं काम करते.

चूक कशी झाली ते तुला ठाऊकच आहे, कारण मूळ तुझ्या स्वयंपाकघरातलं आहे. बाबांना जाऊन महिना झाला होता. तू बांगडे साफ करत होतीस आणि मी तावातावाने विचारलं, तुझा देव बाबांच्या खाटेपाशी का नव्हता? तू मान वर न करता म्हणालीस, "होता की. तूच नव्हतीस." ते एवढं झोंबलं की मी मुंबईला निघून गेले आणि दोन वर्षं घरी पाऊल टाकलं नाही. तू आजारी असल्याचं दादाने कळवलं, तेव्हाही आज जाऊ उद्या जाऊ करत राहिले. पोचले ते तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी. तुला माती देऊन झाली होती. कबरस्तानात दोन ताजे ढिगारे होते, एकावर हार जास्त होते. तोच तुझा धरला. दादाला विचारायला तोंड नव्हतं, आणि नावाचा दगड बसवू बसवू म्हणत तो कुवेतला गेला तो गेलाच.

रविवारी पहाटे पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे." मी मिस्त्रीच्या कबरेकडे बघत होते. अठरा वर्षं मी त्या मिस्त्रीला सगळं सांगितलं होतं. लेकीची दहावी, माझे गुडघे, आणि दर वर्षी न चुकता माफी. कुठे गेलं ते सगळं? तू मातीतच असशील, तर मी फुकट बडबडले. मग पहिल्या ईस्टरच्या सकाळी येशूच्या कबरेवर गेलेल्या बायका आठवल्या. त्याही मेलेल्याला शोधत कबरेपाशीच गेल्या होत्या आणि तो तिथे नव्हताच. त्यांचं बोलणंही आधी कुणी खरं मानलं नाही. इतकी वर्षं ईस्टर माझ्यासाठी तुझं श्राद्ध घालण्यासारखं होतं. आता त्याचं ते उठणं खरं असायलाच हवंय गं. तो उठला असेल, तर बाबांच्या खाटेपाशी होता तसा मिस्त्रीपाशीही होता आणि ऐकत होता. नाहीतर माझी माफी त्या बिचाऱ्याकडेच अडकून पडली.

उपासना झाल्यावर गडग्याजवळ गेले. गवत माजलंय तुझ्यावर. जागा केवढीशी, तुझ्याच मापाची. मिस्त्रीची चांगली लांबलचक आहे, आणि आई, हे मला दुसऱ्याच वर्षी खटकलं होतं. तू माझ्या खांद्याला लागायचीस. तरी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर दफनाला नव्हते हे उघड होईल, असं मी स्वतःला सांगत आले. तेही तितकंसं खरं नाही. तिथे बोलणं सोपं जायचं. रविवारी तुझ्यासमोर तासभर बसले, गवत उपटलं, हात खाजले, पण 'चुकलं' एवढं काही मला म्हणता आलं नाही. म्हणून घरी येऊन हे लिहिलं. पाठवायचं कुठे? आणि खरं सांगू, इथेही अजून म्हटलेलं नाही.