केशवकाकांच्या माळ्यावरचा हुक

रविवार, ३ ऑगस्ट. सकाळी ९
आज काढायचाच. फार तर अर्ध्या तासाचं काम.
वस्तू अशी: जाड चौकोनी लोखंडी दांडा, टोकाला गोळा. आमच्या मंडळाची गणपतीची ट्रॉली ओढायचा हुक. माझ्या गाडीच्या मागे चौकोनी नळी बसवलीय, तिच्यात हा सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. विसर्जन झालं की त्याच दिवशी काढायचा, पुसायचा, ग्रीस लावायचं आणि आमच्याच सोसायटीतल्या केशवकाकांच्या हातात द्यायचा. काका तो जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. बावीस वर्षांचा शिरस्ता.
मागच्या वर्षी मी जरा दमलो होतो. हुक गाडीतच राहिला. गाडीच्या कव्हरखाली.

संध्याकाळी ६
पिन निघाली. हुक तसूभरही हलला नाही. गंजून नळीशी एकजीव झालाय. स्प्रे मारला. व्हिडिओतला माणूस म्हणतो चोवीस तास थांबा. थांबणं मला जमतं.

मंगळवार, ५ ऑगस्ट
एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. जूनमध्ये काकांनी विचारलं होतं, अविनाश, हुक तुझ्याकडे तर नाही ना राहिला. मी म्हणालो, काका, मी दिला की तुम्हाला. खोटं बोललो असं नाही. ऑफिसचा कॉल चालू होता, माणूस काहीतरी उत्तर देतोच.
त्यानंतर काकांनी माळा तीनदा उपसलाय. काल मंडळाच्या बैठकीत नवा हुक करून घेऊ असं निघालं, तर काका उभे राहिले आणि म्हणाले, नक्को, माझ्या हातून हरवलाय, मीच शोधणार. मी पाणी प्यायला बाहेर गेलो. दोन ग्लास प्यायलो.

रविवार, १० ऑगस्ट
स्प्रेचे तीन डबे संपले. पार्किंगला दवाखान्यासारखा वास येतोय.
माझी बायको स्नेहा म्हणते, काकांना सरळ सांगून टाक. बायकांना प्लॅनिंग कळत नाही. तिला समजावलं: हुक काढायचा, गुपचूप काकांच्या माळ्यावर ठेवायचा. काकांना तो सापडणार, काका खूश. मग काका तो मला देणार आणि मी तो परत याच गाडीत लावणार. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. पटलं असावं.
दुपारी घण घातला. रिव्हर्स लाइट फुटला.

गुरुवार, १४ ऑगस्ट
काकांची सून रेणूताई जिन्यात भेटल्या. हुक हरवल्यापासून बाबा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, म्हणून विसरभोळेपणाच्या डॉक्टरकडे नेलं होतं, म्हणाल्या. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. काकांनी सगळे बरोबर केले आणि बाहेर आल्यावर रेणूताईंना विचारलं, बरोबर होते ना गे.
आता स्कूटर बंद करा असं घरात चाललंय. काका चाळीस वर्षं रोज सकाळी स्कूटरवर सुलतान बाजारला जातात, जुनी पुस्तकं चाळतात, एकही घेत नाहीत. किल्ली द्यायला तयार नाहीत. झोपताना उशीखाली घेतात म्हणे.
लाज वाटली. जेवण गेलं नाही. नंतर दोन डोसे खाल्ले, तेही स्नेहाच्या आग्रहाखातर.
निश्चय: शनिवारी हुक निघाला नाही तर काकांना सगळं सांगायचं. काळ्या दगडावरची रेघ.

शनिवार, १६ ऑगस्ट
हुकाला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक सोसायटीच्या गेटच्या खांबाला. पहिला गिअर, हळूच क्लच सोडला. काहीतरी निघाल्याचा आवाज आला. मन हलकं झालं.
खांब निघाला.
काका गॅलरीतून धावत आले. लागलं तर नाही ना रे, एवढंच चारदा विचारलं. गाडीच्या मागे पाहिलंच नाही, माझ्याकडेच पाहत होते. मी हुकापुढे पाय फाकवून उभा. खांबाच्या गडबडीत सांगणं योग्य दिसलं नसतं.

बुधवार, २० ऑगस्ट
शेवटी गॅरेजवाल्या खाजाभाईंकडे गेलो. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, क्या साब, पढे-लिखे आदमी हो के इत्ते दिन अंदर छोड दिये? नळी गॅसने लाल केली, चार घाव घातले. हुक निघाला. दहा मिनिटं. माझे अठरा दिवस.
नळी थोडी दबलीय, हुक लावला तर उसी दिन निकालो, नै तो फिर फसेगा, असंही बजावलं. मला सांगायची गरज नव्हती.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
मोहीम फत्ते. माळा शोधायला मदत करतो म्हणून काकांकडे गेलो, हुक लॅपटॉपच्या बॅगेत. काका चहा सांगायला आत गेले तेवढ्यात पितळी घंगाळामागे ठेवला. धोतर तिथेच होतं, घडी घातलेलं. त्यातच गुंडाळला.
काकांनी चहासोबत उस्मानिया बिस्किटं दिली. म्हणाले, बाकी सगळ्यांनी चेष्टा केली रे, तू एकटा मदतीला आलास. मी आणखी दोन बिस्किटं घेतली.

रविवार, २४ ऑगस्ट
हुक सापडला. धावत गेलो, आनंदी चेहरा करून.
काका खुर्चीत बसले होते, मांडीवर हुक. म्हणाले, त्या घंगाळामागे मी तीनदा पाहिलं होतं, अविनाश. तिथेच होता. आणि बघ, किती गंजलाय. मी न पुसता, ग्रीस न लावता ठेवला. बावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.
मग उठले आणि स्कूटरची किल्ली स्वतःहून रेणूताईंच्या हातात दिली.
प्लॅनमध्ये हे नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण रेणूताई डोळे पुसत होत्या. उत्सव तोंडावर आहे. विसर्जन झालं की पहिलं काम हेच.

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी ११
काल विसर्जन छान झालं. हुक गाडीतच आहे. जरा दमलो होतो.
आत्ता काकांचा फोन आला. आवाज खाली. विचारत होते, काल हुक तू मला दिलास का रे? मला आठवत नाही, पण तू दिला नाहीस असं तरी कसं म्हणू? मी म्हणालो, नाही काका, माझ्याकडेच आहे. काका एवढे हसले. म्हणजे इतकं काही बिघडलेलं नाही माझं, म्हणाले. मागच्या वर्षीचंही सांगणार होतो, पण इतके खुशीत होते की ती खुशी मोडवेना. हुक देताना समोरच सांगतो.

दुपारी १
पिन निघत नाही.

संध्याकाळी ५
काकांची स्कूटर जिन्याखाली धूळ खात उभी आहे, बघवत नाही. हुकासकट उभ्या माझ्या गाडीचं कव्हर काढून तिच्यावर घालून आलो. जरा मोठं होतं, तीन पदर करावे लागले. पण कापड चांगलं आहे. गंज धरणार नाही.