सापेरावीची चाळीस रोपे

ती. ताईस,

सविनय नमस्कार. तुझ्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी विचारपूस करतो. एकत्रित केल्यास डावा रुसतो, असे तू मागील पत्रात कळवले होतेस. माझी प्रकृती उत्तम आहे. 'काही दिवस माझ्याकडे येऊन राहा' हा तुझा आग्रह पोचला; तूर्त तशी आवश्यकता दिसत नाही.

तुझी भावजय रोपवाटिकेत सापेरावी नावाच्या काळ्या द्राक्षाची चाळीस रोपे वाढवून गेली, हे तू जाणतेसच. (वाइनच्या बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकट असतो, रंग सालीतून उतरतो, हिचा गरसुद्धा लाल.) ही जात इकडे कोणाच्या ओळखीची नाही. वार्षिक बैठकीत बागाईतदारांनी रोपे नेली नाहीत, तर वाफा मोकळा करावा लागेल, असे मालकांनी मला संकोचत सांगितले. बैठकीत सापेरावीची ओळख तीच करून देणार होती. टिपणाची कार्डेही तयार होती. मी ती वाचून दाखवण्याचे पत्करले. (आयुष्यभर भूमिती शिकवली. द्राक्षाशी माझा संबंध मनुकेपुरता.)

दुसऱ्याच्या मजकुरात फेरफार करणे मला पटत नाही, म्हणून कार्डे शब्दशः वाचली. तीन निर्विघ्न पार पडली. चौथ्यावर होते, की रोपवाटिकेतल्या मूळ वेलीचा एक मणी पांढऱ्या रुमालात चिरडून दाखवावा. रुमाल घरी राहिला होता, सबब शर्टाची बाही वापरली. (डाग अद्याप आहे.) त्याच गंभीर स्वरात मी पुढील ओळ वाचली, "इथे जरा थांबायचं. ह्यांच्याकडे बघायचं नाही, हसू येतं."

सूचनेप्रमाणे मी थांबलो. बराच वेळ थांबलो, कारण पुढचे कार्ड दिसेना. चष्मा पुसला. (त्याच बाहीने.) तेव्हा पहिल्या रांगेतले एक वयस्क बागाईतदार म्हणाले, "मास्तर, आम्ही पण नाही बघत तुमच्याकडे. होऊ द्या सावकाश." आणि खरोखरच साठ माणसे माना वर करून छत न्याहाळू लागली. लालभडक चष्म्यातून ते दृश्य पाहून मला हसू आले, ताई. आठ महिन्यांनी.

रोपे सर्व गेली. काळजी नसावी.

तुझा,
भाऊ

ता. क. सर्व म्हणजे एकोणचाळीस. एक तुझ्या अंगणासाठी मागे ठेवले आहे.

दुसरा ता. क. शेवटच्या कार्डानुसार, नव्या जागी रोपाला सुरुवातीला एकटे सोडू नये, रोज कोणीतरी वाकून पाहावे. तुझे गुडघे वाकत नाहीत. सबब रविवारी रोपासोबत मीही येत आहे. मुक्काम किती, ते रोपावर अवलंबून.