पिसवा मेल्या, पाणी हिरवंच

३ ऑगस्ट
भासऱ्यांची पुन्हा कटकट. "तुमच्या मासोळ्यायचं घान पानी माह्या कपाशीत काऊन येते?" मोठ्या भावासमोर माह्या नवऱ्याचं तोंड उघडतच नाही. मीच म्हटलं, आता नाही येणार. तळ्यातलं ते पाणी सिमेंटच्या टाक्यात घेणार. बी.एस्सी. कुठं तरी कामी येऊ दे.

११ ऑगस्ट
टाकं हिरवं झालं. शेवाळ घाण खाऊन राह्यलं. आज त्यात पाणपिसवा सोडल्या, पाण्यात उड्या मारणारे बारीक जीव. आदिलाबादच्या मैत्रिणीनं बाटलीत दिल्या होत्या. त्या शेवाळ खातील, माशायची पिल्लं त्यायले खातील. जेठानी हसली, "लोकं ढोरं पोसतात, तू किडे पोस."

२५ ऑगस्ट
गिलासात पाणी घेऊन उजेडात धरलं. नुसत्या उड्या! पाणी निवळून राह्यलं. पिसवा जाळीनं काढून तळ्यात टाकल्या की पिल्लं तुटून पडतात. हे गावात सांगत फिरतात, "म्या टाकं केलं." म्या. बरं.

२ सप्टेंबर
सगळ्या मेल्या. तळाशी पांढरट थर. शेवाळ जसंच्या तसं, हिरवंगार. उन्हानं मेल्या असत्या तर शेवाळही पिवळं पडलं असतं. काठावर फेस, कपाशीच्या औषधाचा वास. काल भासऱ्यांची फवारणी होती.
यायले विचारलं, मोठ्या भाऊनं पंप इथं धुतला काय?
"धुतला. मी होतो ना तिथंच."
"मंग थांबवलं काऊन नाही?"
"किडेच तं होते. त्याच्यापायी भावासंग भांडू?"
जेवण गेलं नाही.

३ सप्टेंबर
हे पाणी सोडू कुठं? पिल्लायले नुसता कोंडा टाकला. उद्या मत्स्य खात्याचे साहेब टाकं पाहाले येणार. हे म्हणतात, "उन्हानं मेल्या म्हन." यायले वाटते मी म्हणीन. लग्न झाल्यापासून म्हणतच आली.

४ सप्टेंबर
साहेबानं वाकून टाकं पाह्यलं, वास घेतला. तेलुगूत विचारलं, औषध पडलं काय? कोणी टाकलं? भासरे बांधावर उभे. हे माह्याकडे पाहून राह्यले.
मी म्हटलं, "यायले विचारा. हे तिथंच होते."
साहेब वळले. यायनं घसा खाकरला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, भावाकडे पाह्यलं.
मी चहा ठेवाले आत निघून आली.
साहेब चहा न घेता गेले. हे आले, जेवले, हात धुतले. काय सांगतलं ते मी विचारलं नाही. यायनं सांगतलं नाही.