वरच्या फळीवरचा बटणांचा डबा

प्रिय बटणबाई,

हाक वाचून हसली असशील तर बरं, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही. लहानपणी शिलाई मशीनखाली बसून बटणांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालायचीस, म्हणून हे नाव. सुट्टीत तुझ्या चिरंजीवांनी तोच डबा मागितला आणि मी त्याच्यावर खेकसलो. डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. त्या दिवशी तू नीट जेवली नाहीस. त्या डब्याचंच सांगायला बसलोय.

तुझ्या आईचं टेबल तुला माहीत आहे. सकाळी सातला आपल्या पुढच्या खोलीत ते मांडलं जातं आणि दवाखान्याने तिच्यावर सोपवलेले टीबीचे पेशंट एकेक करून तिच्या देखत गोळ्या गिळतात. तोंड उघडा, जीभ वर करा, मगच कार्डावर खूण. आडदांड हमालसुद्धा तिच्यापुढे गुमान आ करतो. मला टीबी झाला तेव्हा मीही त्याच रांगेत बसायला हवं होतं. पण मी पडलो घरचा. मला गोळ्या स्वयंपाकघरात मिळायच्या. ती गॅसकडे वळायची आणि पाठमोरीच विचारायची, घेतल्या का? मी हो म्हणायचो. खूण व्हायची.

पहिले दोन महिने खरंच घेतल्या. खोकला गेला, अंग भरलं. मग शाळेच्या गणवेशांची घाई सुरू झाली. गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत मळमळायचं, कात्री धरवायची नाही. म्हटलं, बरा तर झालोय. गोळ्या गालात धरायच्या, दुकानात येऊन डब्यात टाकायच्या, वर बटणं सारायची. तू यायच्या आधी आईला फोनवर विचारलंस, पोराला आणू ना? तिने कार्ड हातात घेऊन सांगितलं, एकही खूण चुकलेली नाही, खुशाल ये. मी शेजारीच पेपर वाचत होतो. म्हणजे तोंडासमोर धरून बसलो होतो. सुट्टीभर मला खोकल्याची ढास लागायची. कापडाची धूळ, असं म्हणून मी पोराला मांडीवर घेऊन मशीन चालवलं. लाज वाटते गं.

आईच्या दवाखान्यात भिंतीवर आपल्या भागाचा नकाशा आहे. दर पेशंटमागे एक लाल ठिपका. दगडाच्या कारखान्यामागे ठिपक्यांची दाटी, कारण तिथल्या खोल्यांना खिडक्याच नाहीत. कालव्यापलीकडे सगळं कोरं. पण तिथे आजार नाही असं नव्हे, आई म्हणते, तिथे अजून कुणी तपासायलाच गेलेलं नाही. बाजारात माझा एकच ठिपका होता, तोही कार्ड पुरं झाल्यावर हिरवा झाला. गेल्या महिन्यात त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लाल ठिपके उमटले. एक माझ्याकडे काजं करणाऱ्या मावशींचा, दुसरा शेजारच्या घड्याळवाल्याचा. आई नकाशापुढून उठली ती थेट दुकानात आली. माझा खोकला ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, आता खरं सांगा. मी फळीवरून डबा काढून तिच्यापुढे पालथा केला.

भांडली असती तर बरं झालं असतं. तिने बसून गोळ्या आणि बटणं वेगळी केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, बघायचं काम माझं होतं, मी पाठ फिरवली. माझा ठिपका पुन्हा लाल झाला. आता मी डॉक्टरांनी नेमून दिलेल्या, शाळेतल्या शिपाईणबाईंसमोर गोळ्या घेतो. त्या आईपेक्षा कडक आहेत.

आठवडाभरात आईने तुला तीनदा फोन केला, पोराच्या छातीचा फोटो काढून घे म्हणून. तू म्हणालीस, परीक्षा होऊ दे, सर्दीच तर आहे. तिने कारण सांगितलं नाही, कारण ते मी आहे. आज ती म्हणाली, आता मी सांगते. मी म्हटलं, नको, माझं मी सांगतो. दोनदा तुला फोन लावला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, संध्याकाळपर्यंत मिळेल. उद्या परीक्षा बुडाली तरी चालेल, पोराला घेऊन दवाखान्यात जा, तुझंही तपासून घे. काही निघालं तर औषध आहे, फक्त ते पुरं घ्यावं लागतं. आईवर रागावू नकोस. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण तपासून आल्यावर.

तुझाच, रोज जीभ वर करून दाखवणारा,
बाबा