हिरवी वायर

४ मार्च, मंगळवार

हिरवी वायर मी कापली होती.

आज वायरमनच्या वर्गात सरांनी फळ्यावर तीन रेघा ओढल्या. लाल, काळी, हिरवी. हिरवीवर खडू आपटून म्हणाले, "ही अर्थिंगची. ही काही काम करताना दिसत नाही, म्हणून अर्धवट लोक हीच कापतात. यंत्र चालतच राहतं! मग एक दिवस आतली लाल सैल होते आणि पत्र्याला टेकते. आता करंटला जायला वाट एकच. ज्याने हात लावला, तो माणूस!" सगळे हसले. का हसले, कोण जाणे. मी वाक्य वहीत नीट उतरवून घेतलं. त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही.

पाच वर्षांपूर्वी. आमच्या बँडचा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. पकड माझी, हात माझा.

तो ॲम्प आज कुठे आहे, मला माहीत नाही.

५ मार्च, बुधवार

झोप नाही. सगळं लिहून काढतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

बँडचं नाव 'तात्पुरते बंद'. ते ठेवलं लांब्याने. लांब्या बेस वाजवायचा, आणि कुठल्याही दारातून वाकूनच आत यायचा. पहिल्या कार्यक्रमाला पबच्या दारावर कागद लावला : 'आज रात्री – तात्पुरते बंद'. निम्मे लोक तो वाचून घरी गेले! गाणारी आणि गिटार वाजवणारी माझी मावसबहीण, ताई. ड्रमवर मी. मला सगळे 'घड्याळ' म्हणायचे. एक तर ताल सोडायचो नाही, आणि दुसरं म्हणजे तोंडावर कायम बारा वाजलेले.

पब तळघरात होता. वर टायरचं दुकान, त्यामुळे जिन्यात रबराचा वास आणि खाली उतरलं की सांडलेल्या बिअरचा. छत इतकं खाली की लांब्या दर दोन गाण्यांना दिव्यावर डोकं आपटायचा. शुक्रवारी तीन-तीन बँड. 'खिळखिळे' म्हणजे दोघे भाऊ, गाणं संपायच्या आत भांडायला लागायचे. 'मोठ्या बहिणी' – पाचही जण दाढीवाले. धड कुणालाच वाजवता येत नव्हतं. पण दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर इस्त्र्या आणि मिक्सर उघडताना मी मनात शुक्रवारच मोजत असायचो. वाजवताना माझी भीती कुठे जायची, कळायचं नाही. काठ्या खाली ठेवल्या की परत यायची.

मग तो शुक्रवार. ॲम्प चालू केला की घूं... ताई गायला लागली की गाण्याखालून घूं, थांबली की एकटंच घूं. मागून कोणीतरी ओरडलं, "आधी मधमाश्या तरी हाकला!" सगळा पब हसला. ताईचे कान लाल. मी ड्रमवरून उठलो. दुकानातला एक जुना कारागीर म्हणायचा, घूं आलं की हिरवी काढून टाकायची. ॲम्पची मागची पट्टी काढली. पकड घातली. कट्!

शांतता.

आणि टाळ्या पडल्या. ताईला नव्हे, मला! जन्मात एकदाच मला टाळ्या पडल्या, त्या ह्या कामासाठी.

६ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. "काय घड्याळा, जिवंत आहेस का?" नेमके हेच शब्द! फोन हातातून पडता पडता राहिला.

पब बंद होतोय, इमारत पाडणार आहेत. पबच्या मालकीणबाईंनी जुन्या सगळ्या बँडना शेवटचं बोलावलंय – शनिवारी, २२ तारखेला. "आपण पण वाजवायचं. आणि आपल्या जुन्या ॲम्पवरच हं. तसा आवाज मला परत कुठे सापडला नाही. लांब्या शोधतोय."

मी म्हटलं, नवा भाड्याने आणू.

"का रे? त्याने काय तुझं घोडं मारलंय?"

सोळा दिवस.

८ मार्च, शनिवार

ताईच्या दुकानात जाऊन आलो. ती चष्म्याच्या दुकानात असते. मला खुर्चीत बसवून आधी समोरची पाटी वाचायला लावली. शेवटची बारीक ओळसुद्धा बिनचूक वाचली. "डोळे ठणठणीत आहेत. मग चेहरा का असा?"

मी सहज विचारल्यासारखं विचारलं – त्या ॲम्पवर गाताना तुला कधी काही जाणवायचं का?

ती एका चष्म्याची काडी बसवत होती. हात थांबले. म्हणाली, "ओठांना मुंग्या यायच्या. हातात गिटार आणि माइकला ओठ टेकला, की झिणझिण! मी कुणाला बोलले नाही. वाटायचं, गाणाऱ्या सगळ्यांनाच असं होत असेल. गाणं अंगात येतं म्हणतात ते हेच. पुढे महिना-दोन महिन्यांनी त्या यायच्या थांबल्या. मला वाटलं, आपल्यातलं काहीतरी विझलं. मग सुटतच गेलं सगळं."

असं म्हणून ती हसली आणि स्क्रू पिळायला लागली.

त्या मुंग्या म्हणजे करंट होता. गिटारच्या तारांतून हातात, हातातून ओठात. मी तिला मरणाच्या दारात नेऊन उभी केली होती आणि ती त्याला गाणं समजत होती! सांगायला हवं होतं. "बरं, निघतो," म्हटलं.

रस्त्यात आठवलं – मुंग्या थांबल्या कशाने? आपोआप काहीच दुरुस्त होत नाही. आत काय झालं असेल?

१० मार्च, सोमवार

लांब्या फोन उचलत नाही. सतरा वेळा केला. अठराव्यांदा करणं बरं दिसणार नाही.

१२ मार्च, बुधवार

दुकानात एका बाईंनी वॉशिंग मशीन आणलं. "हात लावला की चावतं हो हे." मी मल्टिमीटर लावायला गेलो तर काटा कमी आणि माझा हात जास्त हलत होता. मास्तर (दुकान त्यांचं) बघत होते. "घरी जा. भ्यालेल्या कुत्र्याला आणि थरथरत्या हाताला वीज बरोबर ओळखते." मास्तरांना सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण मग काय? ते म्हणणार, असल्या माणसाकडे मी लोकांच्या घरातल्या वस्तू देतो! परवान्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सरांच्या कानावर गेलं तर फॉर्मवर सही मिळायची नाही. नववीतून शाळा सुटलेल्या माणसाला नावाच्या पाटीवर 'वायरमन' सोडून लिहायला दुसरं काय आहे?

घरी आई म्हणाली, "एरंडेल प्यायल्यासारखा बसलायस. मुलगीबिलगी आहे का?"

"नाही."

"असती तर बरं झालं असतं. निदान कारण तरी कळलं असतं."

रात्री स्वप्न. ताई माइककडे वाकते आहे. मी ड्रमवर, आणि माझे हात थांबत नाहीत. ताल चुकत नाही.

१५ मार्च, शनिवार

लांब्या सापडला. शाळेची बस चालवतो. डेपोत पाइप घेऊन बस धूत होता, टपसुद्धा, शिडी न लावता.

"सतरा मिस्ड कॉल! मला वाटलं, कोणी गेलं!"

मी म्हटलं, ॲम्प कुठाय?

"अरे, बँड मोडल्यावर मोठ्या बहिणींना दिला होता. मग एकेकीची लग्नं झाली," असं म्हणून स्वतःच खिदळला, "आणि ॲम्प राहिला माहेरी. पबच्या कोठीत आहे. परवाच मालकीणबाईंना फोन केला. २२ला दुपारी काढू, जरा हात बसवू, संध्याकाळी सहाला सुरू."

"आधी उघडून तपासायला हवा."

"तपासायचं काय त्यात? तुझा हात लागलाय ना त्याला? मग झालं तर!"

त्याने पाठीवर थाप मारली. ओला हात. शर्टावर पाची बोटं उठली.

१७ मार्च, सोमवार

कामावरून सुटल्यावर पबला गेलो. टायरच्या दुकानाशेजारून चौदा पायऱ्या खाली जातात. पाच उतरलो. खालून मालकीणबाईंचा आवाज आला – कोणाला तरी झापत होत्या, "तोंडात काय मूग भरलेत? बोल की!" मला नव्हतं ते. तरी परत फिरलो.

काल कबुली लिहून काढली होती. तीनदा शुद्ध केली. 'निष्काळजीपणा' शब्दकोशात बघून घेतला. आता कागदात एकही चूक नाही, आणि तो कुणाला द्यायची हिंमतही नाही.

एक विचार मनात आला, तोही लिहितो. ॲम्प चोरून न्यावा आणि नदीत टाकावा. कुणाला काही कळणार नाही. हा विचार करताना मला बरं वाटलं. त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

२० मार्च, गुरुवार

आज गेलोच. उद्यावर टाकायला आता उद्या उरले नाहीत.

दुपारची वेळ. पब रिकामा, खुर्च्या टेबलांवर उलट्या. दिवसा पाहिलं तर केवढीशी जागा! इथे आम्ही स्वतःला काय समजायचो. मंच म्हणजे चार फळ्या. माझ्या ड्रमच्या पायांचे खड्डे अजून आहेत.

कोठीचं दार उघडं होतं. रिकाम्या पिंपांमागे ॲम्प. गुडघ्यांवर बसलो, स्क्रूड्रायव्हर काढला, आणि मागून आवाज – "काय रे, उचलून न्यायचा विचार आहे का?" मालकीणबाई. हातात ओला फडका.

मग मी बोललो. सगळं. एका दमात. हिरवी वायर, पकड, टाळ्या, ताईचे ओठ, सरांचा फळा, परीक्षा, नदीसुद्धा. बोलताना त्यांच्याकडे बघितलं नाही, फडक्यातून गळणाऱ्या पाण्याकडे बघत होतो.

त्या म्हणाल्या, "झालं? आता उघड तरी."

चार स्क्रू. पट्टी बाजूला केली. हिरवी वायर जोडलेली होती. व्यवस्थित डाख दिलेला, वर रबरी नळी चढवलेली. माझ्यापेक्षा चांगलं काम.

"तुझी ताई एकदा माइकला ओठ लावून दचकली. लोकांना वाटलं, काय सूर लागला! मी काउंटरवरून बघत होते. तीस वर्षं जुने फ्रिज वापरतेय बाबा, शॉक बसलेलं माणूस मला कळतं. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. तो म्हणाला, कुणा शहाण्याने कापलीय. म्हटलं, जोड. सगळे प्लग एका बोर्डावर आण. घूं पण गेलं, भीती पण गेली."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"तुझं तोंड बघून. तुला सांगितलं असतं तर तू शॉक बसेल म्हणून ड्रमलासुद्धा हात लावला नसतास."

मी तिथेच फरशीवर बसलो. त्यांनी पाणी आणून दिलं. मग मी मीटर लावून तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा बरोबर.

२१ मार्च, शुक्रवार

नऊ तास झोपलो! आई दोनदा श्वास बघून गेली म्हणे.

२२ मार्च, शनिवार. दुपारी चार

दोन ॲम्पच्या मधल्या वेळात लिहितोय.

दुपारी सरावाला ताईला आणि लांब्याला सगळं सांगून टाकलं. आता हसून सांगता येत होतं. ताईने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे विझलं नव्हतं काही?" आणि रडली, आणि मला एक चापट मारली. लांब्या हसला नाही. कधी नव्हे तो हसला नाही. म्हणाला, "अरे, मी तुझं बघून सगळ्यांच्या कापल्या. खिळखिळ्यांची, मोठ्या बहिणींच्या दोन्ही. घूं आलं की मलाच बोलवायचे. 'घड्याळ पद्धत' म्हणायचो मी." किती? त्याला आठवत नाही. इथल्याच नव्हे, दुसऱ्या पबांतल्यासुद्धा.

जिन्याच्या तळाशी टेबल टाकून बसलोय. आज येणारा प्रत्येक ॲम्प इथे उघडल्याशिवाय आत जाणार नाही. मालकीणबाई दारात उभ्या आहेत. आतापर्यंत तीन. तिन्ही कापलेले. तिसऱ्याला जोडलेल्या गिटारच्या तारेवर टेस्टर टेकवला आणि टेस्टरमधला दिवा लागला.

खिळखिळ्यांतला थोरला वाकून बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "ह्यावर आज मी गाणार होतो! कुठल्या गाढवाने शिकवलं हे?"

लांब्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी मीच स्वतःकडे बोट दाखवून म्हटलं, "ह्या गाढवाने." आणि पुढचा उघडायला घेतला.