दोन जीबीच्या टॅबवर आत्याचा आवाज

३ फेब्रु., मंगळ
आत्याने आज जेवताना ताटावर वाटी आपटली. आईला वाटलं, राग आला. मीठ हवं होतं.
ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं तेव्हापासून घरात हे असंच. लिहून दाखव म्हणावं तर शाळेत कधी गेलीच नाही ती. गावातल्या सगळ्या लग्नांत धवले गाणारी, समोरच्याला एका वाक्यात गप्प करणारी आमची आत्या. आणि आता वाटी.

माझ्या कळंबोलीच्या ऑफिसात, गोदामात माल मोजायला घेतलेला जुना टॅब पडून होता. शेठना विचारून आणला. रॅम दोन जीबी. विंडोज त्यावर गुदमरत होतं, काढून लिनक्स टाकलं. लिनक्सला पडद्याचं रूप, म्हणजे डेस्कटॉप, आपण निवडायचा असतो; मी ग्नोम नावाचा ठेवला. मोठी चित्रं, बोटाला सोपा, दिसायला छान. चित्राला हात लावला की तिचाच आवाज येईल असं करतेय. टाइप येत नाही म्हणून ती मला कायम व्हॉइस मेसेजच करायची. मी एकही पुसला नव्हता. त्यातून तुकडे कापते.

५ फेब्रु., गुरु
दाखवला. स्वतःचा आवाज ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळाने वळली, बोट लावलं. काही नाही. परत लावलं. परत. मग एकदम तीनदा, "आगो इकरं ये, आगो इकरं ये, आगो इकरं ये."
बाबा हसले. तिने टॅब उलटा ठेवला.
अर्धी मेमरी ग्नोम एकटाच खातो. मला माहीत होतं. तरी दिसायला सुंदर म्हणून...

८ फेब्रु., रवि
चंदाकाकू आल्या होत्या, शेजारच्या. दोघींचं जन्माचं वाकडं आणि एक दिवस बोलल्याशिवाय जायचा नाही. काकू दारातूनच म्हणाल्या, "बरा झाला बाय, तुजा तोंड बंद झाला. गाव सुटला आता."
आत्याने लगेच बोट लावलं. बरोबर चित्र निवडलं होतं. टॅबवर गोल फिरत राहिलं. काकू तोवर सुनेवर गेल्या, तिथून बाजारातल्या बोंबलांवर. आणि मध्येच टॅबमधून आत्याचा ठसका, "तुज्या घरान जाऊन सांग ह्या!"
कोणालाच कळेना हे कशाला. मग काकूंना कळलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.
आत्याची आजवर कोणी कीव केली नव्हती.

११ फेब्रु., बुध
ग्नोम काढून प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप टाकून पाहिला. देखणा, पण तोही जडच. काढला. मग एक्सएफसीई. साधा, जुन्या धाटणीचा, पण बोट टेकताच आवाज. उशीर नाही. अडचण अशी की सगळं बारीक, माउससाठी केलेलं. आत्याचं बोट वरच्या पट्टीला लागतं आणि खिडकीच बंद.

स्वप्निलला, कॉलेजातल्या मित्राला, फोन केला. "डेस्कटॉप पाहिजेच कशाला? उडव. नुसती चित्रांची एक खिडकी ठेव. पेशंटला अजून काय लागतं?" भांडले त्याच्याशी. पेशंटचं यंत्र नको मला. आपल्याकडे असतो तसा पुरता कॉम्प्युटर तिच्याकडे असावा. फोटो बघेल, नाटकं बघेल, काही बिघडवेलसुद्धा. एक्सएफसीईच. पट्टी लपवली, चित्रं मोठी केली.

१५ फेब्रु., रवि
महाशिवरात्र. बाबा म्हणाले, उपास आहे. टॅब म्हणाला, "खोटा बोलू नको."
त्यांनी सकाळी नाक्यावर वडापाव खाल्ला होता, आत्याला वास आला असणार. सगळे हसलो. तीही हसली. तिच्या हसण्याला आवाज नाही, फक्त गळ्याच्या भोकातून हवा. पण जागच्या जागी बोलली ती. जिंकल्यासारखं वाटलं.

१९ फेब्रु., गुरु
आपटा गावाहून माणसं आली, त्यांच्या मुलीच्या, प्रणालीच्या हळदीचं सांगायला. तिची आजी म्हणाली, "तुज्याबिगर हलद नाय लागली आमच्याकरं कोनाला. त्या डब्यान आवाज हाय ना तुजा? त्योच लावू."
आत्या माझ्याकडे बघत राहिली. मीच उत्साहाने हो म्हटलं. मनीषाताईच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नाच्या व्हिडिओत अख्खा धवला आहे. मागे वाजणाऱ्या बॅंजोचा आवाज जमेल तेवढा काढला. स्वच्छ झाला.

२२ फेब्रु., रवि
आपटा. मांडव भरलेला. आत्याने बोट लावलं, धवला लगेच सुरू. मागे म्हणणाऱ्या बायकांनी ओळ उचलली. मला रडू येत होतं, आनंदाने.
मग नावं आली.
धवल्यात त्या घरची माणसं, जिवंत आणि गेलेली, नावाने बोलवतात. टॅबमधून आत्याने मनीषाताईला बोलावलं. बाबांना बोलावलं. आमच्या गेलेल्या आजीला, त्यांच्या मांडवात.
बायकांनी ओळ सोडली. कोणाच्या मागे काय म्हणणार? प्रणालीची आई हळदीचा हात तसाच धरून उभी. आत्यानेच टॅब बंद केला.
लहानपणापासून प्रत्येक हळदीला आत्याला टेकून बसलेय मी. आणि कापताना फक्त बॅंजो ऐकत होते.
शेवटी प्रणालीच्या आजीनेच धवला म्हटला, अडखळत. आत्या हाताने ठेका देत होती. ओठ हलत होते.
येताना रिक्षात आत्याने टॅब माझ्या मांडीवर ठेवला.

२५ फेब्रु., बुध
टॅबला तेव्हापासून हात नाही. मीठ हवं तर वाटी.
स्वप्निल म्हणतो, हल्ली यंत्राला एखाद्याचा आवाज शिकवता येतो, मग ती व्यक्ती कधी बोललीच नाही ते शब्दही यंत्र त्या आवाजात बोलतं. ह्या टॅबला झेपणार नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करावं लागेल. मेसेज आहेत तेवढे पुरतील. म्हणजे कोणाच्याही घरची नावं. पण तो आवाज आत्याचा असेल का? आणि तिच्या तोंडून, गेलेल्या माणसांना बोलवायचं, ते मी?

संध्याकाळी टॅब तिच्या मांडीवर ठेवला. सगळं समजावून सांगितलं, हळदीचंही. म्हटलं, "तू सांगशील तसं. हां की नाय?" ती दोन चित्रं तेवढी समोर ठेवली.
तिने बोट उचललं. दोन्हींच्या मध्ये नेऊन थांबवलं. इतका वेळ, की स्क्रीन आपोआप काळी झाली.
उजळायला मी हात पुढे केला. तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. बोट तसंच काळ्या काचेवर अधांतरी, ना 'हां'वर ना 'नाय'वर.