अण्णा, मी तक्रार दिली

अण्णा,

मी पोलिसांत तक्रार दिली. तुम्ही असता तर दारातच आडवे झाला असता, म्हणून हे आधी तुम्हालाच सांगते. तक्रार कुणा परक्यावर नाही. आपल्या टॉकीजच्या दारावर उभं राहून तिकिटं फाडणारे काका होते ना, त्यांच्या मुलावर आहे. त्याचं आता मोंढ्याच्या रस्त्याला मोबाईलचं दुकान आहे.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी सिनेमा केला. शिरड शहापूरच्या शिवारात, हळद काढायला जाणाऱ्या दोन जावांची गोष्ट. त्यातल्या अर्ध्या बायका तिथल्याच, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या. गेल्या शुक्रवारी तो नांदेडला, परभणीला आणि आणखी मोजक्या ठिकाणी लागला. आपल्या वसमतला कुठे लावणार? रविवारी घरी आले आणि मोंढ्यावरून जाताना त्या दुकानाबाहेरचा फळा दिसला. नवीन पिक्चर भरून मिळतील. खाली खडूनं लिहिलेल्या नावांत सगळ्यात वर माझ्या सिनेमाचं नाव.

मला वाटलं, मला बघून काकांचा पोरगा फळा तरी पालथा करील. तर तो धावत बाहेर आला. "या ताई, या! तुमचाच पिक्चर सगळ्यात जास्त चालून राहिला. सकाळपासून निस्ता त्योच भरून राहिलो." त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. लाज नव्हती, अण्णा, उलट खरोखरचा अभिमान होता. त्यानं मला फोनवर लावून दाखवला. पहाटेचं शिवार, पहिलंच दृश्य. साउंडवाला पोरगा त्या एका टिटवीच्या आवाजासाठी चिखलात बसून होता. आता टिटवीच्या डोक्यावर कुठल्यातरी जुगाराच्या साईटची जाहिरात नाचत होती आणि खाली मला वाचताही येत नाहीत अशी अक्षरं पळत होती. म्हणजे कुठल्यातरी दूरच्या देशात बसलेला माणूस माझ्या सिनेमावर कमावतो आहे. लोक म्हणतात फुकट आहे. फुकट कुठे आहे? पैसा फिरतोच आहे, फक्त ज्यांनी काम केलं त्यांच्या दारावरून पुढे निघून जातो.

"काढून टाक," मी म्हटलं.

"म्या काढला म्हून काय दुनियेतून निघून जाणार हाय का? शेजारचा भरून देईल. उलट तुमचं नाव होऊन राहिलं, ताई."

"नावावर पुढचा पिक्चर होत न्हाई रे." मग मी त्याला सांगितलं, की पुढचा सिनेमा हट्ट्याला करायचा होता. जागा बघून झाली होती. स्वयंपाकाला तिथल्याच बायका, टेम्पो तिथलाच, मांडववाला तिथला, कपडे शिवायला शिरडचीच पोरगी. सकाळी निर्मात्याचा फोन आला. शनिवारपासून थेटरं ओस पडली, सिनेमा सगळ्यांच्या खिशात आहे, आता दुसऱ्या सिनेमाचं नाव काढू नका म्हणाला. "ह्या सगळ्यांचं काम गेलं. तुला ठाव नव्हतं. आता ठाव झालं. आता काढ."

त्यानं एकदा फळ्याकडे बघितलं. मला वाटलं ऐकेल. पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "घरच्या माणसासारखं सांगतो, ताई, काहून उगं तकलीफ करून घेता? पाहून राहिले तर पाहू द्या की लोकायला," असं म्हणून त्यानं माझ्यादेखत एकाचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मी चहा तसाच ठेवून उठले आणि सरळ ठाण्यात गेले. लिहून घेणाऱ्या हवालदारानं एवढंच विचारलं, "इचार करून आल्या ना?" मी म्हटलं, व्हय. लई वर्षं इचार केला.

कारण अण्णा, मला तो जुना दिवस आठवत होता. मी दहावीत आहे. नांदेडहून एसटीनं नव्या सिनेमाच्या रिळांच्या पेट्या आल्या आहेत, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे आहात, आणि संध्याकाळी गल्ली रिकामी. घराघरांतून तोच डायलॉग ऐकू येतो आहे. केबलवाल्यानं आपला सिनेमा घरोघर सोडला आहे, कुठल्यातरी थेटरात चोरून टिपलेला, पडद्यासमोरून उठून जाणाऱ्या कुणाच्यातरी डोक्यासकट. तुम्ही त्याच्या घरी गेलात. आई आणि मी घाबरून वाट बघत बसलो. तुम्ही त्याच्याकडे चहा पिऊन परत आलात. मी म्हटलं, पोलिसांत द्या. तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात, तसं आधी कधी ओरडला नव्हतात. "आपल्याच गावच्या माणसावर केस करू? उद्या त्याच्याच दारावरून जायचं हाय मला!"

तुम्ही जात राहिलात त्याच्या दारावरून. त्यानं माडी चढवली. आपली टॉकीज बंद पडली, तिथे व्यापाऱ्याची हळदीची पोती आली, आणि पडद्याची भिंत वर्षभरात पिवळी झाली. काका त्याच दारावर आधी पोत्यांची राखण करत उभे राहिले, मग व्यापाऱ्यानं त्यांनाही नको म्हटलं. तुम्ही गेलात तेव्हा सगळा मोंढा आला होता. देवमाणूस होता म्हणाले. केबलवालाही म्हणाला. मला त्या दिवशी रडण्याआधी राग आला होता.

असं नाही की तुम्हाला काही वाटत नव्हतं. खुर्च्या विकल्या तेव्हा बाल्कनीतली एक तुम्ही पुण्याला पाठवलीत, एसटीच्या टपावर, सुतळीनं बांधून. फोनवर म्हणालात, "बसायला ऱ्हाऊ दे." त्या खुर्चीत बसून मी संकलन शिकले. पुण्यातच एकदा नायजेरियाहून आलेली, माझंच काम करणारी एक बाई भेटली. ती सांगत होती, तिच्या शहरात सिनेमा पडद्यावर यायच्या आधी फुटपाथवर विकायला येतो. तिच्यासोबत काम शिकलेले बरेच जण आता दुसरंच काहीबाही करतात. तिची भाषा मला येत नव्हती, माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलत होतो, पण ती आपल्या गल्लीचं सांगते आहे असंच वाटत होतं. एवढ्या मोठ्या जगात सगळीकडे हेच, आणि सगळीकडे कुणीतरी भला माणूस चहा पिऊन घरी परत येतो.

तक्रारीनंतर काकू आल्या. काकांची बायको, त्या पोराची आई. पायरीवरच बसल्या, आत आल्या नाहीत. "पोराला ठाण्यात बशिवलं गं दिवसभर. कॉम्प्युटर बी उचलून नेला. तुझ्या अण्णानं आसं कधी केलं नसतं."

"न्हाई केलं, काकू," मी म्हटलं. "म्हणून तर काकांची नोकरी गेली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देतील. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यायला त्या दाराचं लई होतं. टॉकीज बंद पडली तरी सकाळी आंघोळ करून तिकडंच निघायचे." आणि उठल्या. तक्रार मागे घे असं त्या म्हणाल्या नाहीत. माफही केलं नाही. पाणी दिलं ते पिऊन गेल्या.

आता फळा पुसला आहे. शेजारच्यानंही पुसला. सिनेमा अजून सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, तो कुठे जाणार नाही, हे मलाही कळतं. चुलतभाऊ म्हणतो, काय मिळवलंस, सगळं गाव नाराज केलंस. होऊ दे. देवमाणूस म्हणून मला कुणी पोचवायला यायची गरज नाही. माझं काम चोरलं तर ती चोरी आहे, हे गावात एकदा मोठ्यानं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते तुम्ही म्हणायचं होतं. पुढच्या आठवड्यात मी हट्ट्याला जाते आहे, निर्मात्याशिवाय, भाड्याच्या एका कॅमेऱ्यासह. स्वयंपाकाच्या बायकांना सांगितलं, माणसं कमी आहेत, चूल लहान लागेल. त्या म्हणाल्या, या तर खरं.

तुम्हाला पटणार नाही, आणि तुम्हाला पटावं म्हणून मी लिहितही नाही. हे पाकिटात घालून कुठे टाकायचं नाही, ते बरंच आहे. फक्त एक आहे. माझ्या फोनची काच तडकली आहे. मोंढ्यावर काकांच्या पोराकडे ती घटकाभरात बदलून मिळाली असती. मी ती बदलायला नांदेडला चालले आहे.